फेकून देणाऱ्यांची बाजू

रॉकेट पुन्हा वापरण्याची कल्पना एका खासगी कंपनीने एकविसाव्या शतकात जगाला दिली आणि त्याआधीची सगळी सरकारी अंतराळयात्रा म्हणजे महागडी यंत्रे समुद्रात बुडवण्याचा इतिहास होता, हे मत आता इतके रुळले आहे की ते एक मत आहे याचाच विसर पडला आहे. व्याख्यानांत ते ऐकू येते, उद्योजकतेवरच्या पुस्तकांत दाखला म्हणून येते, आणि प्रश्नमंजूषेत तर उत्तर म्हणूनच येते. प्रस्तुत लेखकाचा या मताशी वाद आहे. निवाडा वाचकांकडे सोपवतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. तो लेचापेचा नाही.

अपोलो मोहिमांचे सॅटर्न-५ रॉकेट ११० मीटर उंच होते आणि उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन सुमारे २,९०० टन भरत असे. या अजस्र यंत्रातले परत काय यायचे? तीन माणसांना घेऊन पॅसिफिकमध्ये पडणारी पाचेक टनांची एक शंक्वाकृती कुपी. तीही पुन्हा कधी उडाली नाही, संग्रहालयात गेली. पुढे स्पेस शटल आले. ते वारंवार आणि स्वस्तात उडेल असे आश्वासन होते. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या तीस वर्षांत त्याची १३५ उड्डाणे झाली, दोन अपघातांत चौदा अंतराळवीर गेले, आणि एकाच यानाच्या दोन उड्डाणांत ५४ दिवसांपेक्षा कमी अंतर कधीच ठेवता आले नाही. याउलट डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा उभाच्या उभा जमिनीवर उतरला. मार्च २०१७ मध्ये असा उतरलेला टप्पा पुन्हा उडाला. आज अशा उतरण्याची बातमीही होत नाही. मग, पूर्वपक्ष म्हणतो, जे साठ वर्षे सरकारांना सुचले नाही ते एका कंपनीला सुचले, हे मान्य करायला हरकत कसली?

यातला एकही तपशील मी नाकारत नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष नाकारतो.

‘सुचले नाही’ या दाव्याचा निकाल लवकर लागतो, म्हणून तो आधी घेऊ. वेर्नर फॉन ब्राउन यांनी १९५२ साली ‘कॉलियर्स’ या अमेरिकन साप्ताहिकात अंतराळप्रवासाची जी योजना मांडली, तिच्यात तीन टप्प्यांचे रॉकेट होते. खालचे दोन टप्पे हवाई छत्र्यांनी समुद्रात उतरायचे, जहाजांनी ओढून आणायचे आणि पुन्हा वापरायचे. वरचा टप्पा पंखांचा, तो विमानासारखा तरंगत परतायचा. साप्ताहिक लाखो घरांत जाणारे होते, म्हणजे कल्पना गुप्त नव्हती. साठच्या दशकात डग्लस कंपनीचे अभियंते फिलिप बोनो यांनी इंजिनाच्या जोरावर पायांवर उभ्या उतरणाऱ्या अवाढव्य रॉकेटांचे आराखडे केले. सॅटर्नचा खालचा टप्पा गुंडाळून ठेवता येणाऱ्या त्रिकोणी कापडी पंखाने परत आणता येईल का, याचाही अभ्यास नासाने केला होता.

कागदावरच्या कल्पना मोजायच्या नाहीत असे कोणी म्हणेल. ठीक. प्रत्यक्ष उड्डाणे मोजू. बी-५२ विमानाच्या पंखाखालून सोडली जाणारी एक्स-१५ ही रॉकेट-विमाने एकूण तीन होती आणि १९५९ ते १९६८ या काळात त्यांची १९९ उड्डाणे झाली. १९ जुलै आणि २२ ऑगस्ट १९६३ या दोन दिवशी जो वॉकर यांनी त्यांतले एकच विमान दोनदा १०० किलोमीटरच्या वर नेऊन धावपट्टीवर उतरवले. एकच यान पाच आठवड्यांच्या आत दोनदा अंतराळात! जेमिनी-२ ही कुपी जानेवारी १९६५ मध्ये माणसाविना उडवली गेली, समुद्रातून काढली, दुरुस्त केली आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये दुसऱ्या रॉकेटवर बसवून पुन्हा उडवली. तेव्हा चंद्रावर माणूस उतरायला अडीच वर्षांहून अधिक अवकाश होता.

यावर ठरलेला आक्षेप असा की ही उड्डाणे पृथ्वीच्या कक्षेत पोचली नव्हती, वर जाऊन खाली आली. आक्षेप खरा आहे. परंतु तो घेणारेच ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्ड रॉकेटचे नोव्हेंबर २०१५ मधले उतरणे आणि जानेवारी २०१६ मधले पुनरुड्डाण या नव्या युगाच्या खात्यात हौसेने जमा करतात. न्यू शेपर्ड तरी कुठे कक्षेत गेले होते? मोजपट्टी एकच ठेवावी लागेल. तिने एक्स-१५ बाद होत असेल तर न्यू शेपर्डही बाद होते.

आता मुख्य मुद्दा. पुनर्वापर जुना असेल, पण पंखांशिवाय, छत्रीशिवाय, केवळ इंजिनाच्या जोरावर उभे उतरण्याचे कसब तर नवेच ना? समुद्रातल्या तराफ्यावर अलगद टेकणारा तो उंच खांब पाहिला की कोणालाही असेच वाटेल. डोळ्यांना ते इतके अपूर्व दिसते की याआधी कोणी केले असेल अशी शंकासुद्धा मनात येत नाही. पण अपोलोच्या काळाला ‘फेकून देणारा काळ’ म्हणून हिणवणारे एक गोष्ट पार विसरतात: चंद्रावर हवा नाही. तिथे छत्री उघडत नाही, पंख निरुपयोगी ठरतात. तिथे अलगद उतरण्याचा मार्ग एकच, उलट दिशेने इंजिन पेटवायचे, वेग आणि उंची मोजत मोजत त्याचा जोर कमी-जास्त करायचा आणि पायांवर टेकायचे. म्हणजे फाल्कन-९ शेवटच्या काही सेकंदांत जे करते तेच. चंद्रावर उतरण्याचा पहिला काळ हीच या विद्येची शाळा होती.

फेब्रुवारी १९६६ मध्ये सोव्हिएत लूना-९ चंद्रावर सर्वांआधी सुखरूप पोचले, त्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. मात्र त्यात मुख्य यानाने वेग कमी केला आणि शेवटी हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेली शंभरेक किलोंची कुपी बाहेर फेकली गेली. यान पायांवर उतरले नाही. चारच महिन्यांनी, २ जून १९६६ रोजी, अमेरिकेचे सर्व्हेयर-१ उतरले ते खऱ्या अर्थाने उभे. त्याच्या मोठ्या घन-इंधन मोटरीने आधी बहुतेक वेग खाल्ला आणि ती गळून पडली. मग जोर कमी-जास्त करता येणारी तीन छोटी इंजिने रडारच्या मोजमापावर चालत राहिली. जमीन साधारण चार मीटरवर असताना ती बंद झाली आणि यान तीन पायांवर टेकले. आत माणूस नव्हता. पृथ्वीवरून चालवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रेडिओ संदेशाला एका वाटेनेच सव्वा सेकंद लागतो. सगळे यानाने आपले आपण केले. १९६६ साली!

पुढचे तर अधिक बोलके आहे. सर्व्हेयर-३ ची इंजिने एप्रिल १९६७ मध्ये वेळेवर बंद झाली नाहीत, त्यामुळे ते टेकून पुन्हा दोनदा उसळले. तो अपघात होता. पण १७ नोव्हेंबर १९६७ रोजी सर्व्हेयर-६ ची इंजिने, उतरून आठवडा झाल्यावर, मुद्दाम अडीच सेकंद पेटवण्यात आली. यान तीनेक मीटर उंच उडाले, बाजूला सरकले आणि पुन्हा पायांवर उतरले. ३ सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या विक्रम लँडरने शिवशक्ती स्थळाजवळ सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली, तिचे कौतुक आपण केले आणि ते योग्यच होते. इस्रोने त्या उडीतून परतीच्या प्रवासाची तयारी पाहिली. उतरलेले यान पुन्हा उडवता येते, हे दाखवणारा पहिला पुरावा मात्र तेव्हा जवळजवळ छप्पन्न वर्षांचा झालेला होता.

मग अपोलोचे चांद्रयान. त्याचे उतरण्याचे इंजिन टीआरडब्ल्यू कंपनीने बनवले. पूर्ण जोराच्या सुमारे एक दशांशापर्यंत खाली आणता येईल असे ते होते. त्या काळच्या इंजिनांत हे जवळजवळ अशक्य मानले जाई, कारण जोर कमी केला की इंधनाचे मिश्रण बिघडते आणि ज्वलन डळमळते. टीआरडब्ल्यूच्या अभियंत्यांनी मध्यभागी एक दांडा ठेवून त्याच्याभोवती इंधन आणि ऑक्सिडायझर एकमेकांवर आदळतील अशी रचना केली. तिला पिंटल इंजेक्टर म्हणतात. या इंजिनाने सहाही वेळा माणसांना चंद्रावर सुखरूप उतरवले. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ तर अडीच वर्षांपूर्वीच्या त्या उसळलेल्या सर्व्हेयर-३ पासून दोनशे मीटरांच्या आत उतरले. पीट कॉनरॅड आणि अ‍ॅलन बीन चालत तिथवर गेले आणि त्याचा कॅमेरा कापून पृथ्वीवर घेऊन आले. ठरवलेल्या जागी नेमके उतरणे हीसुद्धा नव्या युगाची मक्तेदारी नाही.

‘पण तिथे गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश आणि वारा शून्य!’ हा आक्षेप वजनदार आहे. पृथ्वीवर उंच, हलका, जवळजवळ रिकामा खांब वाऱ्यात सांभाळणे वेगळे, शिवाय फाल्कन-९ चे एकच इंजिन अगदी कमी जोरावर ठेवले तरी रिकाम्या टप्प्याच्या वजनाहून जास्त रेटा देते. चांद्रयानासारखे ते हवेत थबकू शकत नाही. वेग शून्य होण्याचा आणि जमीन लागण्याचा क्षण एकच साधावा लागतो. हे अवघड आहे, यात वाद नाही. परंतु अपोलोच्या लोकांनीही सराव पृथ्वीवरच केला होता. वजनाचा पाच षष्ठांश भार एका जेट इंजिनाने उचलायचा आणि उरलेला रॉकेटांनी, असे एक सांगाडेवजा यान त्यांनी केले होते. ६ मे १९६८ रोजी ते बिघडले तेव्हा नील आर्मस्ट्राँग जमिनीपासून थोड्याच उंचीवरून आसनासकट बाहेर फेकले गेले आणि वाचले. आर्मस्ट्राँग याआधी सात वेळा एक्स-१५ चालवून आले होते. म्हणजे चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा माणूस पुन्हा वापरायच्या रॉकेट-विमानाचाही वैमानिक होता आणि उभ्या उतरणाऱ्या यंत्राचाही. दोन युगांमध्ये भिंत घालणाऱ्यांनी त्याला कोणत्या बाजूला बसवायचे ते सांगावे.

साम्य म्हणजे वारसा नव्हे, असे कोणी चतुर वाचक म्हणेल. बरोबर आहे. म्हणून वारशाचे धागेच दाखवतो.

ऑगस्ट १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्स मैदानावर मॅक्डॉनल डग्लसचे डीसी-एक्स हे बारा मीटर उंचीचे रॉकेट उडाले, हवेत आडवे सरकले आणि उभे उतरले. जून १९९६ मध्ये त्याच्या सुधारित रूपाने २६ तासांच्या आत दोन उड्डाणे केली. पुढच्याच महिन्यात एक पाय उघडला नाही, ते कलंडले आणि जळाले. नासाने दुसरे बांधले नाही. या रॉकेटची इंजिने आरएल-१० जातीची होती. सर्व्हेयर यानांना चंद्राकडे ढकलणाऱ्या सेंटॉर टप्प्यावर हीच जात बसवलेली होती. आणि व्हाइट सँड्सवर डीसी-एक्सच्या नियंत्रणाला कोण बसले होते? पीट कॉनरॅड. सर्व्हेयर-३ चा कॅमेरा कापून आणणारे तेच. यापेक्षा सरळ वंशावळ इतिहासात क्वचित सापडते.

दुसरा धागा इंजिनाचा. फाल्कनचे मर्लिन इंजिन टॉम म्यूलर यांच्या नेतृत्वाखाली घडले. म्यूलर त्याआधी अनेक वर्षे टीआरडब्ल्यूमध्ये होते आणि मर्लिनमध्ये पिंटल इंजेक्टर आहे. चांद्रयानाच्या इंजिनातली युक्ती अशी त्याच कंपनीतून फाल्कनच्या पोटात आली. तिसरा धागा गणिताचा. उरलेल्या इंधनात नेमक्या जागी उतरण्याचा मार्ग यानाने स्वतः क्षणात कसा काढावा, यावर लार्स ब्लॅकमोर यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मंगळावर उतरण्याच्या संदर्भात काम केले. पुढे तेच स्पेसएक्समध्ये रॉकेट उतरवण्याच्या कामाचे प्रमुख झाले. सर्व्हेयर याच प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली झाले होते, हे जाता जाता सांगतो.

राहिला सर्वांत लाडका युक्तिवाद: दर प्रवासानंतर विमान फेकून दिले तर तिकीट कोणाला परवडेल? टाळ्या घेणारे वाक्य आहे. पण विमानाच्या वजनात इंधनाचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा कमी असतो, रॉकेटच्या वजनात नऊ दशांशांच्या वर. सॅटर्न-५ च्या २,९०० टनांतून चंद्राच्या वाटेला लागायचे ते ४५ टनांच्या आसपास. त्यातले पंधराएक टन चांद्रयान, आणि त्या पंधरातही दोन तृतीयांशांहून अधिक इंधनच. वजन इतके वाढले होते की चांद्रयान बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने त्यातली आसनेच काढून टाकली, अंतराळवीर उभ्यानेच उतरले. अशा हिशेबात खालचा टप्पा परत आणण्यासाठी इंधन राखून ठेवायचे म्हणजे वरचे वजन कापायचे. काय कापणार होते? प्राणवायू?

त्सिओल्कोव्स्कीचे १९०३ सालचे समीकरण सरकारी आणि खासगी असा भेद करत नाही. भार जड असेल तर फाल्कन-९ चा पहिला टप्पासुद्धा कधीकधी जाणूनबुजून फेकून दिला जातो. त्याचा दुसरा टप्पा तर आजवर एकदाही परत आलेला नाही. मग फेकून देणारे म्हणून हिणवायचे तरी कोणाला?

वजनाहून मोठी अडचण मुदतीची होती. फॉन ब्राउन यांचा क्रम ठरलेला होता: आधी पुन्हा वापरता येणारे वाहन, त्याच्या फेऱ्यांतून अंतराळस्थानक, तिथून चंद्र. २५ मे १९६१ रोजी केनेडींनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवण्याचे ध्येय जाहीर केले आणि तो क्रम मोडला. पुढे जॉन हूबोल्ट यांनी लावून धरलेली योजना स्वीकारली गेली: चंद्राभोवती फिरत्या यानातून एक हलके यान खाली सोडायचे, त्याचाही खालचा अर्धा तिथेच टाकायचा. फॉन ब्राउन आधी वेगळ्या मार्गाच्या बाजूचे होते, जून १९६२ मध्ये तेही या योजनेच्या बाजूला आले. टाकत टाकत जाणे हा त्या योजनेचा गाभा होता, आणि ते विचार करून ठरवलेले होते. आणि सॅटर्न-५ उडाले किती वेळा? १९६७ ते १९७३ मध्ये अवघे तेरा वेळा. तेरा उड्डाणांसाठी परत आणण्याची यंत्रणा घडवून तिचा खर्च कधी वसूल झाला असता, याचा हिशेब पूर्वपक्षाने एकदा मांडून दाखवावा. पुनर्वापर वारंवार उडणाऱ्यालाच परवडतो. फाल्कनला उड्डाणे मिळाली, कारण मे २०१९ पासून त्याच कंपनीने आपल्याच हजारो उपग्रहांची गरज निर्माण केली.

अपोलोची माणसे या प्रश्नाबाबत उदासीन होती असेही नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये, चंद्रावर कोणी उतरण्याच्या अकरा महिने आधी, नासाच्या मानवी उड्डाण विभागाच्या प्रमुखांनी लंडनच्या ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीसमोर पुन्हा वापरता येणाऱ्या शटलची गरज मांडली. सप्टेंबर १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे गेलेल्या अहवालात शटल, स्थानक आणि चंद्रापर्यंत ये-जा करणारी पुन्हा वापरता येणारी वाहने, सगळे होते. जानेवारी १९७२ मध्ये निक्सन यांनी त्यातले फक्त शटल मंजूर केले, तेही दोन्ही टप्पे परत येणारी मूळ रचना पैशांअभावी कापून. शटल महाग का पडले याचे बरेचसे उत्तर त्या कापाकापीत आहे. तरीही त्याचे घन-इंधन बूस्टर समुद्रातून काढून, दुरुस्त करून वर्षानुवर्षे वापरले गेले. तेही कक्षेत जाणाऱ्या वाहनाचेच बूस्टर होते.

‘एका कंपनीने एकटीने’ या भागाबद्दल थोडक्यात. डिसेंबर २००८ मध्ये नासाने स्पेसएक्सला माल पोचवण्याचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. तराफ्यावर उतरण्याचे पहिले प्रयत्न आणि एप्रिल २०१६ मधले पहिले यश, दोन्ही नासाचा माल नेणाऱ्या उड्डाणांत झाले. मार्च २०१७ मध्ये जो टप्पा पुन्हा उडाला तो तोच, एप्रिल २०१६ मध्ये नासाच्या मालाला घेऊन गेलेला.

मग स्पेसएक्सचे नवे काय? पुष्कळ. ध्वनीहून कितीतरी अधिक वेगाने हवेत शिरताना इंजिने पुढे करून पेटवणे, ही जोखीम त्यांच्याआधी इतक्या मोठ्या रॉकेटवर कोणी पत्करली नव्हती. अनेकदा जळून, कोसळूनही त्यांनी प्रयत्न सोडला नाही. डीसी-एक्सचा एक पाय अडकल्यावर नासाने नेमके तेच सोडले होते. कक्षेत भार नेणाऱ्या रॉकेटचा द्रव-इंधनाचा पहिला टप्पा इंजिनाच्या जोरावर उभा उतरवून पुन्हा उडवण्याचा पहिला मान फाल्कन-९ चा आहे, तो कोणी हिरावू नये.

पाठ्यपुस्तके, प्रश्नमंजूषा आणि व्याख्याने तयार करणाऱ्यांना विनंती एवढीच की हे वाक्य त्यातल्या सगळ्या विशेषणांसकट लिहावे. लांब वाटत असेल, तर त्याऐवजी सर्व्हेयर-६ आणि १७ नोव्हेंबर १९६७ ही नोंद लिहावी. ती पुरेशी छोटी आहे.